गाडीतल्या बटणाने फाटक लांबून उघडण्यासाठी: रिसीव्हर, अँटेना आणि कोकणातला पावसाळा

रत्नागिरी आणि पावस यांच्यामधल्या आमच्या वाडीत रस्ता खाली आहे आणि घर वर. रस्त्यावरून आत वळले की चिऱ्यांची चढण लागते, ती मध्येच एक वळण घेते आणि थेट फाटकाशी जाऊन संपते. जुलै-ऑगस्टमध्ये या चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि चढणीवर एकदा थांबलेली गाडी पुन्हा उचलताना चाके जागच्या जागी फिरतात; त्यामुळे गाडी वर पोहोचण्याआधीच फाटक उघडलेले असावे लागते. धाकट्या भावाच्या गाडीत आतल्या आरशाखाली होमलिंकची, म्हणजे फाटकाचा रिमोट शिकून घेणाऱ्या यंत्रणेची, तीन बटणे आहेत. गणपतीला तो मुंबईहून आला तेव्हा फाटकापासून नऊ मीटरवर पोहोचल्याशिवाय त्यातले बटण काम करीत नव्हते, म्हणजे ऐन चढणीवर थांबणे भाग होते. फाटक बसवून देणाऱ्याने पूर्ण मोटार बदलण्याचा सल्ला दिला. मोटार बदलावी लागली नाही. एक छोटा अँटेना आणि सहा मीटर केबल एवढ्या साहित्यावर तोच पल्ला ३८ मीटरवर गेला. ते काम कसे करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि आपल्याकडच्या पावसात व खाऱ्या वाऱ्यात ते टिकवावे कसे, हे इथे सविस्तर लिहितो. बटण आरशात असो वा किल्लीच्या जुडग्याला लटकवलेला साधा रिमोट असो, किंवा फाटकाऐवजी गाडीखान्याचे मोटारचे शटर असो, फाटकाकडची कामे तीच आहेत.

प्रथम यंत्रणा समजून घ्यावी. गाडीतले बटण दाबले की आरशात, छताच्या पट्टीत किंवा काही गाड्यांत पुढच्या बंपरमागे बसवलेला छोटा ट्रान्समीटर रेडिओलहर सोडतो आणि फाटकाच्या मोटारीतला रिसीव्हर ती ओळखून मोटार सुरू करतो. अमेरिकेत या कामासाठी ३१५ आणि ३९० मेगाहर्ट्झ सर्रास वापरतात. आपल्या बाजारातले बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. रिमोटच्या पाठीवर किंवा मोटारीच्या पुस्तिकेत हा आकडा छापलेला असतो. तो आधी टिपून ठेवावा, कारण पुढची सगळी मापे त्यावर ठरतात. होमलिंकची स्वतःची अशी ठरलेली लहर नसते. मूळ रिमोट समोर धरून शिकवताना तो त्याची लहर आणि सांकेतिक क्रम उतरवून घेतो. त्याला वीज गाडीच्या बॅटरीची मिळते, त्यामुळे सेल उतरला म्हणून पल्ला घटला, हे कारण गाडीतल्या बटणाला लागू होत नाही.

लहर आणखी जोराने सोडली की झाले, असे सर्वांच्या मनात येते. हिशेब मात्र तसा नाही. जमिनीलगत धावणाऱ्या लहरीचा पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती जवळजवळ सोळापट लागते. शिवाय ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात विनापरवाना वापरता येतो तो कमी शक्तीच्या उपकरणांसाठीच, त्यामुळे गाडीकडून शक्ती वाढवण्याच्या खटपटीत पडू नये. रिसीव्हरला मात्र नीट ऐकू येईल अशी जागा आणि नीट अँटेना दिला तर तोच फरक विनासायास मिळतो. बहुतेक फाटकांचे दुखणे रिसीव्हरच्या बाजूचेच असते, असा माझा अनुभव आहे.

कशालाही हात लावण्यापूर्वी पल्ला मोजून घ्यावा. फाटकाशी एक माणूस उभा करावा आणि गाडी सुमारे ६० मीटरवरून पाच-पाच मीटरने पुढे आणत प्रत्येक थांब्यावर बटण पाच वेळा दाबावे. जिथे पाचही वेळा मोटारीने दाद दिली ते अंतर म्हणजे खरा पल्ला. एखाद्या वेळी लांबून फाटक हलले ते धरू नये. प्रत्येक वेळी फाटक पूर्ण बंद असलेच पाहिजे. आमच्या फाटकाला पत्रा मारलेला आहे आणि मोटार त्याच्या आतल्या अंगाला खांबाशी आहे. फाटक उघडे असताना मोजले तेव्हा बटण १७ मीटरवरून चालले, बंद असताना नऊच मीटरवरून. पत्र्याची सावली किती दाट असते हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले. सळ्यांच्या फाटकाला हा त्रास कमी होतो. पण सळ्यांमधले अंतर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर या लहरीपुढे ती जाळीही बरीचशी पत्र्यासारखीच वागते.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची. मूळ रिमोट घेऊन गाडीबाहेर उभे राहावे आणि त्याच जागांवरून तो दाबून पाहावा, मग गाडीत बसून, काचा लावून पाहावा. बाहेरून मूळ रिमोटही जवळूनच चालत असेल तर दोष फाटकाकडे आहे. बाहेरून तो लांबून चालतो आणि गाडीत बसल्यावर त्याचाही पल्ला तुटतो, असे दिसले तर अडथळा काचेत आहे. गाडीत बसूनही मूळ रिमोट व्यवस्थित चालतो, फक्त आरशातले बटण चालत नाही, तर ते बटण चुकीचे किंवा अर्धवट शिकलेले आहे. मूळ रिमोटचा सेल मात्र चाचणीपूर्वीच नवा घालावा, नाहीतर निष्कर्ष चुकेल. यात बहुधा २३ए किंवा २७ए हा १२ व्होल्टचा बारीक सेल किंवा सीआर२०३२ हा चपटा सेल असतो.

गाडीकडची कामे थोडी आहेत, ती आधी उरकावीत. ऊन अडवण्यासाठी काही गाड्यांच्या पुढच्या काचेत धातूचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तो रेडिओलहरही अडवतो. अशा काचेत आरशाच्या मागे बहुधा ठिपक्यांनी दाखवलेला थर नसलेला भाग सोडलेला असतो, लहर तिथून बाहेर पडते. नेमक्या त्याच जागी डॅशकॅमचा धातूचा स्टँड किंवा धातूचा थर असलेली फिल्म लावली असेल तर ती हलवावी. फास्टॅगही आपण त्याच भागात चिकटवतो आणि त्याच्या पोटात धातूच्या पातळ पत्रीचा अँटेना असतो. त्याचा अडथळा किरकोळ असतो आणि धातूचा थर असलेल्या काचेत त्याला तीच जागा लागते, त्यामुळे तो उचकटायला जाऊ नये.

बटण नव्याने शिकवायचे असेल तर मूळ रिमोटमध्ये नवा सेल घालूनच शिकवावे. उतरलेल्या सेलच्या रिमोटवरून शिकवणे म्हणजे पुसट झालेल्या कागदावरून नक्कल उतरवणे. बहुतेक गाड्यांत बाहेरची दोन बटणे एकदम दाबून दिवा भराभर लुकलुकेपर्यंत धरली की जुनी नोंद पुसली जाते. ही नोंद तिन्ही बटणांची पुसली जाते, हे लक्षात ठेवावे. मग मूळ रिमोट आरशापासून तीन ते आठ सेंटिमीटरवर धरून दोन्हींची बटणे एकदम दाबावीत आणि दिव्याची लुकलुक बदलेपर्यंत सोडू नयेत. मोटार रोलिंग कोडची, म्हणजे दर वेळी संकेत बदलणारी असेल तर याने काम पुरे होत नाही. मोटारीच्या बोर्डावरचे लर्न बटण एकदा दाबून सुमारे अर्ध्या मिनिटात गाडीत परतावे आणि शिकवलेले बटण दोन-तीनदा दाबावे. गाडीगणिक या क्रमात बारीक फरक असतात, म्हणून गाडीची पुस्तिका मांडीवर उघडी असू द्यावी.

आता फाटकाकडे. मोटारीचे झाकण उघडण्यापूर्वी घरातून तिचा एमसीबी पाडावा आणि बॅकअप बॅटरी असेल तर तिचीही एक वायर सोडवावी. २३० व्होल्टच्या मोटारीत मोठा कपॅसिटर असतो, त्यात वीज काही काळ साठून राहते. म्हणून थोडा वेळ थांबावे आणि त्याच्या टोकांना बोट लावू नये. विजेच्या कामाची सवय नसेल तर इथून पुढे वायरमनला सोबत घ्यावे.

झाकण उघडले तेव्हा आमच्या डब्यात मुंग्यांचे वारूळ होते, बोर्डावर पालीची लेंडी होती आणि एका कोपऱ्यात पावसाचे पाणी सुकून पांढरी खार धरली होती. कोकणात हे घरोघरी सापडेल. मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करावा, पूर्ण वाळू द्यावा आणि वायर आत येते ती भोके ग्लँडने (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी बुचाने) किंवा पुट्टीने बुजवावीत. खरी चूक मात्र वेगळीच निघाली. रिसीव्हरच्या अँटेनाची वायर फाटक बसवणाऱ्याने करंगळीएवढी गुंडाळी करून बोर्डाखाली खोचून ठेवली होती आणि तिचे टोक मोटारीच्या लोखंडी अंगाला टेकले होते. त्या माणसाला वायर सुटी लोंबकळलेली बरी दिसली नसावी.

त्या वायरची लांबी शोभेची नसते. ती लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवतात. ४३३.९२ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६९ सेंटिमीटर लांब, म्हणून वायर हिशेबाने १७.३ सेंटिमीटर; प्लास्टिकच्या आवरणामुळे प्रत्यक्षात १६.५ ते १७ ठेवली तरी चालते. ३१५ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला ती २३.८ सेंटिमीटर लागेल. पहिले काम एवढेच की ही वायर सरळ करावी, उभी ठेवावी आणि धातूपासून चार बोटे तरी दूर ठेवावी. डबा प्लास्टिकचा असेल तर याने लगेच फरक दिसतो. आमच्याकडे पल्ला नऊचा १६ मीटर झाला. डबा लोखंडी असेल तर आत कितीही सरळ वायर ठेवली तरी ती डब्यात कोंडलेलीच राहते. तिथे अँटेना बाहेर काढण्याला पर्याय नाही. एक चूक हमखास होते: उत्साहाच्या भरात कुणी या टोकाला दोन-तीन मीटर वायर जोडतो. तसे करू नये. अँटेना भलत्याच लांबीचा झाल्यामुळे लहर कमी पकडतो आणि विजेचा गोंगाट मात्र जास्त ओढून आणतो.

बाहेर काढायचा अँटेना विकत मिळतो, पण घरीही सहज होतो. शेंडीचा भाग म्हणून १६.५ सेंटिमीटरची कडक तांब्याची तार, किंवा खाऱ्या वाऱ्यात अधिक टिकेल अशी पितळी काडी घ्यावी आणि ती कनेक्टरच्या मधल्या पिनेला उभी डाग देऊन बसवावी. कनेक्टरच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांना साधारण १८ सेंटिमीटरच्या चार तारा जोडून त्या खाली ४५ अंशांत वाकवाव्यात, उलट्या छत्रीच्या काड्यांसारख्या नव्हे तर नेहमीच्या उघड्या छत्रीच्या काड्यांसारख्या. या चार तारांमुळे अँटेनाला स्वतःची जमीन (ग्राउंड) मिळते आणि त्या वाकवल्यामुळे त्याचा मेळ ५० ओहमच्या केबलशी जुळतो. गाडीतली लहर काचेतून आणि पत्र्यावरून आपटत येते, तिची दिशा उभी-आडवी कशीही झालेली असते, तरी उभा अँटेना चारही बाजूंना सारखा ऐकतो म्हणून वळणाच्या रस्त्याला तोच योग्य.

केबलबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल, कारण मिळवलेले सगळे इथेच गमावता येते. दुकानात मागितली की आरजी-५८ हाती पडते. दहा मीटर आरजी-५८ मधून या लहरीची निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते. डिश टीव्हीची आरजी-६ केबल तेवढ्याच लांबीत सुमारे चतुर्थांश शक्ती खाते, स्वस्त असते आणि गावातही मिळते. ती ७५ ओहमची असते, पण त्यामुळे होणारे नुकसान नगण्य आहे. तिच्यात दोन खोड्या आहेत. बाहेरची जाळी अल्युमिनियमची असल्यामुळे तिला डाग बसत नाही, म्हणून एफ-कनेक्टर दाबूनच बसवावा लागतो; आणि मधली तार बहुधा पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली असल्यामुळे कापलेले टोक खाऱ्या हवेत उघडे राहिले की गंजते. केबलची मधली तार रिसीव्हरच्या एएनटी (अँटेना) टर्मिनलला आणि जाळी शेजारच्या जीएनडीला (ग्राउंडला) जोडावी. जाळीची एकही केसासारखी तार मधल्या तारेला किंवा बाजूच्या २४ व्होल्टच्या टर्मिनलला शिवणार नाही, हे भिंग लावून पाहावे.

अँटेना कुठे लावावा? फाटकाच्या पत्र्याच्या वर, गडग्याच्या (कुंपणाच्या दगडी भिंतीच्या) वर आणि गाडी येते त्या बाजूला तोंड मोकळे असेल अशा ठिकाणी. मोकळ्या सपाट जागी उंची दुप्पट केली तर पल्ला हिशेबाने सुमारे १.४ पट होतो, म्हणून दीड मीटरच्या खांबावरून तीन मीटरवर नेणे फायद्याचे. मात्र तो माडाच्या झावळ्यांत किंवा कलमाच्या फांदीत खुपसला जाऊ नये, कारण पावसात भिजलेला पाला लहर चांगलीच शोषतो. जांभ्यात लोह आहे म्हणून चिऱ्याच्या भिंतीतून लहर जात नाही, असे इकडे नेहमी ऐकू येते. जांभ्यातले लोह ऑक्साइडच्या रूपात असते, पत्र्यासारखे वीज वाहून नेणारे नसते. चिरा सच्छिद्र असतो, मृगापासून पुढे तो पाणी पीत राहतो आणि ते मुरलेले पाणी लहर खाते. मे महिन्यात मोजलेला पल्ला ऑगस्टमध्ये त्यामुळेच कमी भरतो, म्हणून अँटेना अशा जागी असावा की गाडी आणि तो यांच्यामध्ये भिंत येऊच नये.

घर फाटकापासून वर आणि लांब असेल तर एक मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो, तो म्हणजे अँटेना हलवण्याऐवजी रिसीव्हरच हलवणे. बाजारात स्वतंत्र रिसीव्हर मिळतात, ते संकेत ओळखून आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावतात. असा रिसीव्हर पडवीच्या वाशाखाली, रस्ता दिसेल अशा ठिकाणी कोरडा बसवावा आणि त्याच्या रिलेची दोन टोके साध्या दोन-तारी वायरने मोटारीच्या पुश-बटण टर्मिनलला न्यावीत. या वायरमधून लहर जात नाही, केवळ बटण दाबल्याची खूण जाते, त्यामुळे तीस मीटर वायर झाली तरी नुकसान नाही. घेताना सुपरहेटरोडाइन जातीचा आणि रोलिंग कोडचा रिसीव्हर मागावा. स्वस्त सुपररीजनरेटिव्ह रिसीव्हर शेजारच्या गोंगाटात लगेच बधिर होतो. नवा रिसीव्हर आपल्या गाडीतल्या बटणाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानातच शिकवून पाहावे.

गोंगाटाचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहावा. फाटकाच्या खांबावरचा एलईडी दिवा, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, सोलर इन्व्हर्टर यांतल्या विजेच्या सर्किटमधून बारीक रेडिओगोंगाट बाहेर पडतो आणि तो रिसीव्हरच्या जवळ असला की दूरची लहर त्यात बुडून जाते. रात्री दिवा लागला की पल्ला घटतो, अशी तक्रार असेल तर दिवा हाच संशयित. शोध घेण्याची सोय आपल्याकडे न मागता मिळते: पावसाळ्यात लाईट गेली की मोटार बॅकअप बॅटरीवर चालू राहते, तेव्हा पल्ला पुन्हा मोजावा. तो एकदम वाढला तर घरातली एखादी वस्तू गोंगाट करते आहे. लाईट आल्यावर एकेक वस्तू बंद करून ती हुडकावी. दिवा चांगल्या बनावटीचा बदलावा, अडॅप्टर रिसीव्हरपासून दोन मीटर दूर न्यावा आणि त्याच्या वायरवर गोंगाट शोषणारे फेराइटचे क्लिप-कडे चढवावे.

बाहेरची जोडणी टिकवणे हे आपल्याकडे निम्मे काम आहे. उघडा ठेवलेला कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि पाणी जाळीतून झिरपत थेट बोर्डापर्यंत पोहोचते. जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तिच्यावर नेहमीची इन्सुलेशन टेप लावावी. सिलिकॉन वापरायचे तर न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि त्याने तांबे गंजते. डब्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. अँटेना घराच्या छपरापेक्षा उंच काठीवर चढवू नये, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात कडकडाट सुरू होण्याआधीच त्याची केबल रिसीव्हरपासून सोडवून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावू नये.

पल्ला वाढला की जबाबदारीही वाढते, हे मी मुद्दाम लिहितो. ३८ मीटरवरून बटण दाबताना आमच्या वळणामुळे फाटक दिसत नाही आणि फाटकाशी पोरे खेळत असतात, गुरे उभी असतात. म्हणून फाटकाच्या दोन्ही अंगांना फोटोसेल (मध्ये आलेला अडथळा प्रकाशकिरणाने ओळखणारी जोडी) बसवून घेतले, मध्ये कुणी आले तर बंद होणारे फाटक थांबून मागे जाते की नाही हे पुठ्ठ्याचे खोके आडवे धरून तपासले आणि भावाला वळण पार करून फाटकाकडच्या काजूच्या झाडाशी आल्यावरच बटण दाबायला सांगितले. तिथून फाटक नजरेच्या टप्प्यात असते आणि गाडी चढून वर येईपर्यंत ते पूर्ण उघडलेले असते. जुन्या, न बदलणाऱ्या संकेताचा रिमोट असेल तर पल्ला वाढवण्याआधी तो रोलिंग कोडचा करून घ्यावा, कारण न बदलणारा संकेत कुणालाही लांबून टिपून वापरता येतो.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस झाकण उघडून मुंग्या, टेप आणि कनेक्टर पाहावेत, मूळ रिमोटचा सेल बदलावा आणि पल्ला पुन्हा त्याच खुणांवरून मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी आकडा घटलेला दिसला तर आधी कनेक्टर उघडून पाहावा.